चालेल का?

बोटाला लावायचा चिमटा दुखत नाही हे दाखवण्यासाठी मी तो आधी स्वतःच्या बोटाला लावते. ही माझी जुनी पद्धत. ऑपरेशनच्या आधी माणसाला त्या छोट्या खोलीत आणतात तेव्हा त्याला सुईचीच काय, पांघरलेल्या चादरीचीही भीती वाटत असते, आणि ‘घाबरू नका’ म्हटलं की तो हमखास जास्त घाबरतो. म्हणून मी तसलं काही बोलतच नाही. चिमटा लावते, पडद्यावर माझे ठोके दिसतात, मशीन शहाण्यासारखं टुक टुक करतं, माणूस ते बघतो आणि आपलं बोट आपणहून पुढे करतो. आज मी चिमटा लावला आणि मशीन बोंबलायला लागलं. लाल दिवा, कर्कश आवाज, आणि पडद्यावर असा आकडा की तो एखाद्या पेशंटचा असता तर मी धावत जाऊन भुलीच्या डॉक्टरांना बोलावून आणलं असतं. मी चिमटा काढला, बोटावर फुंकर घातली, जसा काही दोष बोटाचाच होता, आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“सिस्टर, तुम्हाला काय झालं?” टेबलावरचा माणूस कोपरावर उठत म्हणाला. लोकांचं घरसामान हलवायचा धंदा करणारा धिप्पाड माणूस. कपाटं उचलून उचलून हर्निया करून घेतलेला.

“मशीन बिघडलंय,” मी म्हणाले.

त्याने माझ्या हातातून चिमटा घेतला आणि आपल्या बोटाला लावला. टुक. टुक. मशीन एकदम गरीब गाय झालं.

“मशीन बरंय,” तो म्हणाला आणि उलट माझीच चौकशी करायला लागला. “घरी काही आहे का?”

“घर घेतोय आम्ही.”

“अरे देवा. मग बरोबर आहे.” तो समाधानाने आडवा झाला. “रोज बघतो ना आम्ही. भाड्याच्या घरात जाणारी माणसं आम्हाला चहा विचारतात. स्वतःच्या घरात जाणारी आपसात भांडतात. कपाट कुठे ठेवू विचारलं की एकेक जण रडतो.” मास्क नाकाशी नेला तरी त्याचं चालूच होतं. “कितवा मजला? लिफ्ट मोठी आहे ना?” आणि उत्तर ऐकायच्या आत तो गाढ झोपला.

तो झोपला, त्याचं ऑपरेशन नीट झालं, दिवसभरात आणखीही माणसं आली आणि झोपली. मी मात्र त्या आकड्यापाशीच अडकून राहिले. भीती बाहेरून कशी दिसते हे मला तोंडपाठ आहे. ओठ कोरडे पडतात, बोटं गार होतात, भलत्या वेळी जांभया येतात, सारखं बाथरूमला जावंसं वाटतं. यातलं सगळं मला गेला महिनाभर होत होतं आणि मी ते हवेवर, चहावर, नव्या चपलांवर ढकलत होते. तसं बघायला गेलं तर भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कागद वकिलाने वाचले होते. नवऱ्याच्या इंजिनिअर मित्राने भिंती ठोकून ठोकून पाहिल्या होत्या, नळ सोडून पाहिले होते, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीतही डोकावून झालं होतं. बँक हो म्हणाली होती, हप्ता आमच्या पगारांत बसत होता आणि तो भरूनही थोडा श्वास घ्यायला जागा राहत होती. जे जे माणसाला आधी करून ठेवता येतं ते ते सगळं आम्ही केलं होतं, आणि तरी माझी छाती मात्र कोणीतरी मागे लागल्यासारखी धावत होती.

हे तिसरं घर. पहिलं मी नाकारलं कारण लिफ्टमध्ये ओल्या कुत्र्याचा वास आला. दुसरं नाकारलं कारण समोरच्या दारातलं पायपुसणं मला फार चांगलं वाटलं. इतकं चांगलं पायपुसणं ठेवणारी माणसं आपल्याला नावं ठेवतील असं माझ्या मनाने घेतलं. ही कारणं मी नवऱ्याला गंभीर चेहऱ्याने सांगितली होती. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर भिंग बदलत ‘हे बरं दिसतंय की हे?’ विचारणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याच्या अंगी असा काही संयम आलाय की कधी कधी त्याचाच राग येतो. पण परवा भांडी पुसता पुसता तो म्हणाला, “तुला घर नको असेल तर नको म्हण. मी ऐकेन. पण घरांना उगीच नावं ठेवू नकोस.” “मला हवंय,” मी म्हणाले. “मग?” मी त्याने पुसलेलं ताट मांडणीत लावायला घेतलं. त्याचा होकार केव्हाच झाला होता. विकणारे म्हातारे गृहस्थ दुसरं गिऱ्हाईक तयार असूनही आमच्यासाठी थांबले होते, आणि आज संध्याकाळपर्यंत मी काय ते सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर नवरा काही बोलला नसता, चहा करून दिला असता; पण चौथं घर बघायला तो निघाला नसता, हे मला स्वच्छ कळत होतं. त्याचं ते न बोलणं आम्ही मग जन्मभर भाड्याच्या भिंतींत सांभाळत बसलो असतो.

थिएटरबाहेर हात धुताना मी बराच वेळ नळ सोडून उभी होते. पायांखालची फरशी गार होती. गार फरशीवर उभं राहून कोणाची तरी वाट बघणं ही माझ्या लहानपणाची मोठी आठवण आहे. आम्ही कायम दुसऱ्याच्या घरात राहिलो. घरं बदलली, गल्ल्या बदलल्या, मालकाच्या मुलाला जागा हवी म्हणून, मालकाला घर पाडायचं म्हणून, नुसतंच मालकाच्या मनात आलं म्हणूनही बदलली. पण मालक कायम वरच्या मजल्यावर आणि आम्ही खाली, हे बदललं नाही. ‘विचारून ये’ हे वाक्य आमच्याकडे ‘जेवायला ये’ इतक्यांदा बोललं जायचं. खिळा ठोकायचाय, जा, विचारून ये. मामा येतोय, चार दिवस राहील, विचारून ये. गादीला ऊन दाखवायचंय गच्चीवर, विचारून ये. पाठवायचे मलाच, कारण दोन वेण्यांच्या मुलीला तोंडावर नाही म्हणवत नाही असा आईचा हिशोब होता. मी वर जायची आणि उंबऱ्याशी उभी राहायची. आत जायचं नाही आणि परतही फिरायचं नाही. मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्या संत्रं सोलत बसलेल्या असायच्या, आणि संत्र्याची एकेक शीर निघेपर्यंत मला थांबवायच्या. “बोल,” म्हणायच्या, आणि मी पायाच्या बोटांवर उभी राहून मऊ आवाजात म्हणायची, “चालेल का?” दारातल्या चपला कशा काढून ठेवल्यात त्यावरून आत मूड कसा आहे हे मला ओळखता यायला लागलं. हॉस्पिटलात माझ्या मऊ आवाजाचं सगळे फार कौतुक करतात. एका सर्जनने तर विचारलं होतं की ह्याचं काही ट्रेनिंग असतं का. असतं. जिन्यावर असतं. पुढे माझं लग्न झालं, मी कमवायला लागले, आमचे स्वतःचे घरमालक झाले, तरी खिळा मारायची वेळच येऊ नये म्हणून मी भिंतीवर लावण्यासारखं कधी काही विकत घेतलं नाही. नवऱ्याला वाटायचं, मला साधेपणाची आवड आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या आयुष्यात एक सोय होती. भिंतीला ओल आली, मालकाचा दोष. पाणी गेलं, मालकाचा दोष. रात्रीची जेवणं झाली की आईबाबा, भाऊ आणि मी मालकाला यथेच्छ शिव्या घालायचो, दबक्या आवाजात, कारण तो वर होता. आणि हसून हसून पोट दुखेपर्यंत घालायचो. आमच्या घरातली ती सगळ्यात मोठी करमणूक होती. स्वतःच्या घराला ओल आली तर शिव्या कोणाला घालायच्या? नळाखाली हात धरून उभी असताना हा प्रश्न मला पहिल्यांदाच सरळ शब्दांत पडला, आणि तो इतका वेडगळ होता की मी नळ बंद केला.

जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला. आई आमच्याजवळच राहते, बाबा गेल्यापासून.

“आई, आज सांगायचंय त्या घराचं.”

“हो, जावई म्हणत होते सकाळी.”

“काय करू?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही दोघं शिकलेली माणसं.” मग आवाज खाली आणून, “बरं, मालक कसा आहे गं स्वभावाने?”

“कुठला मालक?”

“त्या घराचा.”

“आई, घर घेतलं की मालक आपणच.”

“ते झालंच गं,” आई म्हणाली, “पण तसा कसा आहे?”

मी हसायला लागले. इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या नर्सने डबा बाजूला सरकवून माझ्याकडे पाहिलं. आईही पलीकडून हसत होती, का ते तिला नीट कळलं नसावं. हसता हसता मला आईची फार दया आली, आणि तिच्या पाठोपाठ, जरा उशिराने, माझीही आली. आईने उघड विचारलं तेच मी महिनाभर लिफ्टला आणि पायपुसण्याला विचारत होते.

ड्यूटी संपल्यावर मी नवऱ्याला फोन केला. “मी एकदा एकटी जाऊन येते तिथे.” त्याच्यामागे दुकानात कोणीतरी मोठ्याने अक्षरं वाचत होतं आणि चुकत होतं. “जा,” तो म्हणाला. “पण पायपुसण्यांकडे बघू नकोस.” त्याच्या आवाजात थट्टा होती आणि थट्टेच्या खाली थकवाही होता, आणि मला तो ऐकू आला याचं मला बरं वाटलं. निदान कान तरी शाबूत होते.

पेशंटला मी कधीही सगळं ऑपरेशन सांगत नाही. आता दंडाला पट्टा आवळेल. आता हात थोडा गार लागेल. फक्त पुढची एक गोष्ट. सगळं एकदम समोर आलं की कोणाचीही गाळण उडते. पट्टा मात्र कोणीही सहन करू शकतो. त्या रस्त्याने जाताना मी हेच स्वतःला करायला लागले, आधी गंमत म्हणून. आता रस्ता ओलांडायचाय. आता फाटक. आता जिना चढायचाय, आणि या जिन्याच्या वर कोणी संत्रं सोलत बसलेलं नाही. जन्मभर फेडायचं कर्ज, नवऱ्याची नोकरी, आईचे गुडघे, भूकंप, हे सगळं खाली फाटकाशी थांबायला सांगितलं. ते थांबलं असं नाही. पण माझ्याइतक्या वेगाने त्यांना जिना चढता येईना.

घर विकणारे गृहस्थ पोहायला शिकवायचे. सगळं आयुष्य तलावाच्या काठावर गेलेलं, त्यामुळे समोरच्याला चहा विचारतानाही पलीकडच्या काठावरच्या पोराला हाक मारल्यासारखे विचारतात. बिल्डिंगमध्ये त्यांना ‘कोच’ म्हणतात. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला चालले होते. खोलीभर खोकी पडली होती, बांधलेली आणि पुन्हा उघडलेली.

“या ताई! मिस्टर नाही आले?”

“एकटीच आले. सर, मला एक सांगाल? या घरात वाईट काय काय आहे?”

त्यांना हा प्रश्न आवडला. ते खोक्यावर बसले. “न्हाणीघराचं दार. हवा दमट झाली की फुगतं. खांदा द्यावा लागतो. वरचा पोरगा चेंडू आपटतो. ओरडलं की थांबतो, मग विसरतो. स्वयंपाकघरात दुपारी असं ऊन येतं की माणूस भाजून निघतो. आणि शेजारची बाई गाते.”

“चांगलं गाते?”

“नाही!” त्यांनी दुःखाने मान हलवली. “पण रोज नाही गात.”

प्रत्येक दोषागणिक माझे खांदे थोडे थोडे खाली येत होते. हॉस्पिटलातही असंच होतं. ‘काय बिघडू शकतं ते सांगा’ असं जो थेट विचारतो तो नंतर शांत होतो. ‘सगळं ठीक होईल ना’ म्हणत राहणाराच शेवटपर्यंत चादर घट्ट धरून बसतो. मी न्हाणीघराच्या दाराला खांदा देऊन पाहिला. स्वयंपाकघरातल्या उन्हात उभी राहिले. भिंत तापलेली होती आणि मला ती आवडली. मोठ्या खोलीत एक लांबलचक कोरी भिंत होती. तिच्याकडे बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, इथे एखादा खिळा मारला तर चालेल का?”

“मारा की!”

“आणि बाल्कनीत कपड्यांना दोरी?”

“बांधा.”

“माझी ड्यूटी कधी पहाटेची असते. नळाचा आवाज होईल जरा.”

“होऊ दे.”

“माझा भाऊ येतो अधूनमधून. राहतो चार दिवस. त्याची मुलं जरा दंगेखोर आहेत, पण मी सांगून ठेवीन त्यांना.”

कोचनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “ताई,” ते म्हणाले, “हे तुम्ही मला का विचारताय?”

मला कानापर्यंत गरम झालं. घर विकत घ्यायला आलेली चांगली शिकलेली बाई, विकून निघालेल्या माणसाकडे आपल्या भावाला ठेवून घ्यायची परवानगी मागत होती. मी खाली पाहिलं. खोलीच्या मधोमध मी पायाच्या बोटांवर उभी होते. आईला हसले होते मी दुपारी! मग मी कोचना सगळं सांगून टाकलं. वरचे मजले, दोन वेण्या, दारातल्या चपला, सगळं. परक्या माणसाला इतकं कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगताना रडूही आलं, ते मी आवरलं नाही. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी खोक्यातून एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला. अख्खा मोठा, अंघोळीचा. तलावावर रडणाऱ्यांना तोच देत असावेत.

“सर, पाण्याला घाबरणाऱ्या मुलांची भीती तुम्ही कशी घालवायचात?”

“घालवायचो कुठे? ढकलून द्यायचो.”

“मग?”

“बरीचशी शिकली. काही घरी पळाली. एकाचा बाप मला मारायला आला होता.” ते जरा विचारात पडले. “आता कोणी तसं ढकलू देत नाही. बरंच झालं म्हणा.”

मी डोळे पुसून बाल्कनीत गेले आणि मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके अजून जलदच होते. पण इतक्या वर्षांत मला एक कळायला हवं होतं: घाबरलेल्या माणसाचे आणि हरखलेल्या माणसाचे ठोके मशीनला सारखेच दिसतात. महिनाभर माझ्या छातीत जे चाललं होतं त्यातली भीती किती होती आणि दुसरं काही किती होतं, हे मी कधी निवडून पाहिलंच नव्हतं. मला ही भिंत हवी होती. ते फुगणारं दारसुद्धा हवं होतं. एखाद्या गोष्टीची इतकी ओढ वाटायची मला सवय नव्हती, म्हणून मी तिला दुखणं समजून बसले होते. मी नवऱ्याला फोन लावला.

“घेऊ या.”

“काय?”

“घर. न्हाणीघराचं दार फुगतं, वरचा मुलगा चेंडू आपटतो, स्वयंपाकघर तापतं आणि शेजारची बाई बेसूर गाते.”

“आणि घ्यायचंय?”

“घ्यायचंय.”

पलीकडे तो कोणाला तरी म्हणाला, “काका, जरा बसा, तुमचा नंबर नंतर काढतो.” मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. एवढा संयमी माणूस.

कोचना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून असा हलवला की खांद्यातून निघायचा. “छान झालं!” ते ओरडले, खाली फाटकापर्यंत ऐकू गेलं असणार. ते आत गेले, काहीतरी हलवल्याचा आवाज झाला, मग थांबला. बाहेर आले ते खोलीच्या दाराशीच उभे राहिले. चौकटीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

“ताई, एक होतं.” एवढा हळू आवाज त्यांना काढता येत असेल असं मला वाटलं नव्हतं. “बाल्कनीतली ती आरामखुर्ची. हिची होती. मुलीच्या घरात मावत नाही हो, मापं घेऊन पाहिली. टाकून द्यायला जीव होत नाही. थोडे दिवस इथेच राहिली तर... मी आठवड्यातून एखाद्या वेळी येईन, जरा बसेन आणि जाईन. तुम्हाला त्रास नाही होणार. चालेल का?”

“विचारून सांगते,” मी म्हणाले.

“हो हो, विचारा,” ते घाईघाईने म्हणाले. “काही घाई नाही.” आणि तिथेच उभे राहिले, एक पाय खोलीत, एक बाहेर, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी जिन्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वर छताकडे पाहिलं. तिथे त्या पोराने नुकताच चेंडू आपटायला सुरुवात केली होती. कुठे कोणीच नव्हतं. सगळ्या घरात विचारण्यासारखी मी एकटीच होते.

“विचारलं,” मी म्हणाले. “चालेल.”